नागपूरच्या उन्हात पीसी पण तापतो भाऊ, मग घरच्या घरी 'वॉटर ब्लॉक' बनवता येतो का?

मे महिना, दुपारचे दोन, नागपूर. रस्त्यावर चिटपाखरू नाही, जो दिसतो त्याच्या तोंडाला दुपट्टा. घरात कूलरची घरघर आणि टेबलाखालून येणारा दुसरा एक आवाज, विमान उड्डाण घेतंय असा. तो आवाज कॉम्प्युटरच्या पंख्याचा असतो. कुणी लग्नाचा व्हिडिओ एडिट करून राहिला आहे, कुणाचं रेंडरिंग अर्ध्यावर आहे, कुणाची मॅच रंगात आली आहे. आणि अचानक सगळं मंदावतं. व्हिडिओ अडकतो, गेम झटके खातो.

मशीन बिघडलेलं नसतं. प्रोसेसर तापला की जळू नये म्हणून स्वतःच स्वतःचा वेग कमी करतो. त्याला थ्रॉटलिंग म्हणतात. आजच्या बहुतेक प्रोसेसरची मर्यादा ९० ते १०० अंश सेल्सिअसच्या दरम्यान असते. तिथे पोचला की तो ब्रेक मारतो.

यावर बाजारात एक उपाय मिळतो, लिक्विड कूलिंग. पण त्याच्या बरेच आधी, जेव्हा असलं काही दुकानात मिळत नव्हतं, तेव्हा हौशी लोकांनी तांब्याचा तुकडा, मत्स्यालयाचा पंप आणि जुन्या मोटारीतला हीटर कोअर जोडून हे घरी बनवलं होतं. १९९८ मध्ये इंटेलचा सेलेरॉन ३०० ए नावाचा स्वस्तातला प्रोसेसर आला होता. तो ३०० मेगाहर्ट्झचा, पण लोक त्याला ४५० वर पळवायचे. असा वेग वाढवण्याच्या नादातून होममेड वॉटर ब्लॉकचा खेळ जगभर पसरला.

तर प्रश्न असा की, ज्या शहरात २३ मे २०१३ ला ४७.९ अंश तापमान नोंदवलं गेलं, त्या शहरात हा खेळ जमतो का? जमतो. उलट नागपूरकडे यासाठी एक अशी गोष्ट आहे जी मुंबईकडे नाही. पण त्याच गोष्टीत जीव जाण्याचाही धोका आहे. ती कोणती, ते पुढे येईलच.

आधी हे समजून घ्या, की पंखा नेमका कुठे हरतो

पंख्याचा कूलर प्रोसेसरला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. तो फक्त उष्णता प्रोसेसरकडून हवेकडे ढकलतो. समजा, तुमचा कूलर दर वॅटला ०.४ अंश या हिशेबाचा आहे आणि प्रोसेसर १०० वॅट उष्णता सोडतोय. म्हणजे प्रोसेसर हवेपेक्षा ४० अंश जास्त तापणार. डिसेंबरात खोली २५ अंशावर, तर प्रोसेसर ६५ वर. मे महिन्यात बिनकूलरची खोली ४२ वर, तर प्रोसेसर ८२ वर. त्यात कॅबिनेटमध्ये धूळ साचलेली असेल, पेस्ट वाळलेली असेल, तर नव्वदी गाठायला वेळ लागत नाही.

आता पाणी. एक ग्रॅम पाणी एका अंशाने तापवायला साधारण ४.२ ज्यूल उष्णता लागते. हवेला एक ग्रॅममागे साधारण १ ज्यूल. फरक चारपटच वाटतो, पण हवा विरळ असते. तेवढ्याच आकारमानाचं पाणी हवेच्या जवळपास साडेतीन हजार पट उष्णता पोटात घेतं. म्हणून मोठ्या पंख्याचं काम बोटाएवढ्या नळीतलं पाणी करतं.

वॉटर ब्लॉक म्हणजे प्रोसेसरच्या डोक्यावर बसणारा तांब्याचा ठोकळा, ज्याच्या आतून पाणी वाहतं. तांबं प्रोसेसरकडून उष्णता घेतं, पाणी तांब्याकडून घेतं, पंप ते पाणी पुढे नेतो आणि कुठेतरी थंड करून परत आणतो. बस. यात नवल काही नाही. कोराडीच्या वीज केंद्रात वेगळं काय होतं? तिथे पाणी उष्णता उचलतं आणि ती कूलिंग टॉवरमधून हवेत सोडली जाते. नागपूरचं सांडपाणी भांडेवाडीला शुद्ध करून तिथे नेलं जातं, ते याच कामासाठी.

आणि हे फक्त हौशी पोरांचं खूळ आहे असंही समजू नका. आयबीएमने १९८० मध्ये आणलेला ३०८१ हा मेनफ्रेम कॉम्प्युटर पाण्यावर थंड व्हायचा. १९८५ चा क्रे-२ तर अख्खा एका वीज न वाहणाऱ्या द्रवात बुडवलेला असायचा. आपल्याकडे पुण्याच्या आयसरमध्ये २०१९ साली 'परम ब्रह्म' हा महासंगणक सुरू झाला. सी-डॅकने राष्ट्रीय महासंगणक मोहिमेत उभारलेला, ७९७ टेराफ्लॉप क्षमतेचा. त्याची खासियत म्हणून जी गोष्ट सांगितली गेली ती हीच, 'डायरेक्ट कॉन्टॅक्ट लिक्विड कूलिंग'. म्हणजे प्रोसेसरला थेट चिकटलेल्या प्लेटमधून पाणी फिरवणं. तुमच्या टेबलावर जे बनवायचं आहे, तत्त्व तेच.

मग तांबंच का?

कारण तांब्यातून उष्णता वेगाने पळते. ती वाहून नेण्याची क्षमता मोजायचं जे एकक आहे त्यात तांबं ४०० च्या आसपास येतं. शुद्ध अॅल्युमिनियम २३५ च्या आसपास, पितळ ११० ते १२० आणि स्टेनलेस स्टील फक्त १५. म्हणून स्टीलच्या डब्याचा ब्लॉक करायचा विचार डोक्यात आला असेल तर काढून टाका. शेजारी भंडारा पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे, पण पितळही इथे तांब्यापुढे निम्म्याहून कमी पडतं. पितळेचं काम नळीच्या जोडांपुरतं.

आता तांब्याचा जाड तुकडा आणायचा कुठून? भांड्यांच्या दुकानात मिळतो तो पत्रा पातळ असतो. त्यापेक्षा इलेक्ट्रिक पॅनल बनवणाऱ्यांकडे जा आणि 'बसबार' मागा. मोठ्या पॅनलमध्ये वीज वाहून न्यायला तांब्याची जी सपाट पट्टी असते ती. ५० मिलिमीटर रुंद, १० मिलिमीटर जाड पट्टीचा पाच सेंटिमीटर तुकडा घेतला की झालं. वजन भरतं साधारण सव्वादोनशे ग्रॅम. तांब्याचा भाव रोज हलतो, पण पाव किलोच्या आतला मामला आहे. पॅनलवाल्याकडे कापून उरलेला तुकडा पडलेला असेल तर भंगाराच्या भावातही सुटतो.

खरी मेख आत आहे

बरेच जण काय करतात, तांब्याच्या प्लेटवर एक पोकळ डबी चिकटवतात, एका बाजूने पाणी आत, दुसऱ्या बाजूने बाहेर. पाणी वाहतं, गळत नाही, पोरगा खूश. मग तापमान बघतो तर पंख्यापेक्षा फार काही बरं नाही. असं का?

हे समजायला बादलीभर गरम पाणी घ्या. त्यात हात स्थिर ठेवला तर थोडा वेळ सहन होतं. हात हलवला की चटका बसतो. पाणी तेच, तापमान तेच. स्थिर हाताभोवती पाण्याचा एक पातळ थर अडकून बसतो आणि तो उष्णतेला आडवा येतो. हात हलवला की तो थर मोडतो. वॉटर ब्लॉकमध्ये हेच उलट्या दिशेने घडतं. तांब्याला चिकटलेला पाण्याचा थर उष्णता अडवून धरतो. रिकाम्या डबीत पाणी मधूनच निघून जातं, भिंतीला चिकटलेलं तिथेच राहतं.

उपाय दोन. पाणी तांब्याला जास्त जागी भेटलं पाहिजे, आणि वाट अरुंद पाहिजे. म्हणून तांब्यात खाचा पाडतात. दहा मिलिमीटर जाडीच्या तुकड्यात सहा मिलिमीटर खोल, दोन मिलिमीटर रुंद खाचा, मध्ये दोन-दोन मिलिमीटरची भिंत. ३६ मिलिमीटरच्या चौकोनात अशा नऊ खाचा बसतात. खाली चार मिलिमीटर तांबं शिल्लक राहतं, ते उष्णता पसरवायला हवंच असतं. या खाचांमुळे पाण्याला भेटणारं क्षेत्रफळ साडेतीन पट होतं. ढोबळ हिशेब मांडला तर १०० वॅट उष्णतेला सपाट प्लेटचा पृष्ठभाग पाण्यापेक्षा ३५ ते ४० अंश जास्त तापेल, खाचांचा १० ते १२ अंश. सगळा फरक या एका कामात आहे. बाकी सगळी सजावट म्हटली तरी चालेल.

हे टोकाला नेलं तर काय होतं, ते स्टॅनफर्डच्या टकरमन आणि पीझ या दोघांनी १९८१ मध्ये दाखवून दिलं. त्यांनी सिलिकॉनमध्येच ५० मायक्रॉन रुंदीच्या, म्हणजे केसाएवढ्या, खाचा पाडून त्यातून पाणी सोडलं आणि एका चौरस सेंटिमीटरमधून ७९० वॅट उष्णता काढली. घरातली इस्त्री साधारण तेवढ्याच वॅटची असते. ती नखाएवढ्या जागेत मावलेली कल्पना करा! आज दुकानात मिळणाऱ्या ब्लॉकमध्ये मिलिमीटरच्याही आतल्या बारीक पात्या असतात, त्या याच विचारातून आल्या. तेवढं बारीक काम आपल्याच्याने होणार नाही, पण दोन मिलिमीटरची खाच हिंगण्याच्या एमआयडीसीत मिलिंग मशीन असलेला कुणीही पाडून देईल. एक सांगून ठेवायचं, तांबं चिकट असतं, कटरला धरतं. कटिंग ऑइल घालून, हळू चालवा म्हणा. कारागिराला ते ठाऊक असतंच, पण छोटं काम आहे म्हणून घाई होते आणि दोन मिलिमीटरचा कटर मोडतो.

मिलिंग परवडत नसेल तर ड्रिलचा मार्ग आहे. तुकड्याच्या कडेतून आडवी, एकमेकांना समांतर भोकं पाडायची, दोन्ही टोकांना ती जोडणारी एक-एक भोकाची वाट काढायची आणि बाहेर उघडी राहिलेली तोंडं डागून बंद करायची. हे डाग देण्याचं काम एसी-फ्रीज दुरुस्त करणाऱ्याचं. तांब्याच्या नळ्या जोडणं हा त्याचा रोजचा धंदा. खाचांएवढं चांगलं नाही, पण रिकाम्या डबीपेक्षा कितीतरी बरं.

झाकणाला आठ-दहा मिलिमीटर जाडीचं अॅक्रिलिक घेतात, मध्ये रबरी ओ-रिंग आणि चारही बाजूंनी स्क्रू. आतलं पाणी दिसतं, बुडबुडे कळतात. फक्त ते स्पिरिट किंवा थिनरने पुसायचं नाही. अॅक्रिलिकला त्याने बारीक तडे जातात, लगेच दिसत नाहीत, महिनाभराने गळतात. नळी जोडायच्या नोजलची एक गंमत आहे. कॉम्प्युटरच्या महागड्या फिटिंगला जो आटा असतो तो म्हणजे आपला पाव इंची बीएसपी. कॉम्प्रेसरचं सामान विकणाऱ्या दुकानात पितळेची तीच नोजल तुलनेने फुकटात मिळते.

नळी कोणती? गवंडी लेव्हल काढायला वापरतात ती पारदर्शक नळी बहुतेक जण आणतात. चालते, पण मे महिन्यात ती मऊ पडते, वळणावर दबते आणि नोजलवरून सरकते. प्रत्येक जोडाला क्लिप हवीच. आणि वळण मोठं ठेवा.

तळ आरशासारखा नको, पण सपाट हवा

ब्लॉकचा प्रोसेसरला टेकणारा भाग चमकला म्हणजे झालं, असा एक गैरसमज आहे. पितांबरीने घासून चमकवता येईल हो, पण चमक आणि सपाटपणा यांचा संबंध नाही. कापलेल्या पट्टीला सूक्ष्म बाक असतो. तो काढायला टेबलावर जाड काच ठेवायची, त्यावर पाण्याचा पॉलिश पेपर पसरायचा आणि ब्लॉक इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवत घासायचा. आधी ४००, मग ६००, मग १००० नंबर. तळावर मार्करने चौकट काढून घासलं की कुठे खड्डा आहे ते कळतं. तिथली शाई शेवटपर्यंत जात नाही.

मग बसवणं. एएमडीच्या एएम-४ बोर्डावर भोकांचं अंतर ९० बाय ५४ मिलिमीटर असतं, इंटेलच्या एलजीए १७०० वर ७८ बाय ७८. त्या मापाची पट्टी करून, स्क्रूखाली स्प्रिंग घालून, समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे आवळत जायचे. गाडीच्या चाकाचे नट आवळतात तसे. एक कोपरा आधी घट्ट केला तर ब्लॉक तिरका बसतो आणि मग वर केलेली सगळी मेहनत वाया. मधली थर्मल पेस्ट मटाराएवढी पुरते.

आता नागपूरची गोष्ट

पाणी तापलं, ते थंड कुठे करायचं? साधारणपणे रेडिएटर लावतात, त्याला पंखे लावतात. पण रेडिएटरही हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही. ४२ अंशाच्या खोलीत त्यातून ४५-४६ अंशाचं पाणी परत येणार. (तेही वाईट नाही. आयबीएमने २०१० मध्ये झुरिकमध्ये 'अक्वासार' नावाचा महासंगणक बनवला, त्याला ६० अंशांपर्यंतचं गरम पाणी चालायचं आणि उरलेल्या उष्णतेवर इमारत ऊबदार ठेवायचे. पाणी गार असण्यापेक्षा ब्लॉक चांगला असणं महत्त्वाचं.)

पण नागपूरचा उन्हाळा कोरडा असतो. हवा ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर बाष्पीभवनाने पाणी खाली खाली २३ अंशांच्या जवळपास जाऊ शकतं. वाळ्याच्या ताट्या, माठ, डेझर्ट कूलर, सगळा विदर्भ याच हिशेबावर उन्हाळा काढतो. मुंबईच्या दमट हवेत हे होत नाही, म्हणून तिथे कूलर कुणी घेत नाही. तर तुमच्या कूलरच्या टाकीत आत्ता, या क्षणी, २५-२६ अंशांचं चाळीस-पन्नास लिटर पाणी फुकट उभं आहे. कॉम्प्युटरची उष्णता टाकायला यापेक्षा चांगली जागा नाही.

लगेच सुचतं ते असं की, कूलरच्या पंपालाच एक टी लावून पाणी थेट ब्लॉकमध्ये सोडावं. हे करू नका. एक तर त्या पाण्यात वाळ्याचा, वुडवूलचा भुसा असतो, दोन मिलिमीटरची खाच दोन दिवसांत बुजते. दुसरं, ज्या क्षारांचा पांढरा थर कूलरच्या जाळीवर बसतो तोच ब्लॉकमध्ये बसेल. तिसरं कारण सगळ्यात मोठं, पण आधी बरोबर पद्धत सांगतो.

ब्लॉकचं पाणी वेगळं, बंद ठेवायचं. एसीवाल्याकडून तांब्याची नळी घ्यायची, तिचं वेटोळं करून कूलरच्या टाकीत बुडवायचं आणि ब्लॉकचं पाणी त्या वेटोळ्यातून फिरवायचं. दोन्ही पाणी एकमेकांना भेटत नाहीत, उष्णता तेवढी तांब्यातून पलीकडे जाते. तीन अष्टमांश इंची नळी चार-पाच मीटर असेल तर १०० वॅटसाठी आतल्या आणि बाहेरच्या पाण्यात दोन-तीन अंशांचाच फरक राहतो. पाव इंची नळी स्वस्त म्हणून घेऊ नका. मिनिटाला दोन लिटर पाणी पाच मीटर ढकलायला जिथे जाड नळीत पंपाला अर्ध्या मीटरचा दाब लागतो, तिथे बारीक नळीत दहापट लागतो. छोटा पंप तिथेच दम टाकतो.

टाकीवर याचा भार किती पडतो? १०० वॅट उष्णता उडवायला तासाला साधारण दीडशे मिलिलिटर पाण्याची वाफ होते. एक कटिंग-दोन कटिंग चहा. तुमचा कूलर एरवी तासाला त्याच्या कितीतरी पट पाणी पितो, त्याला कळणारही नाही.

माठ वापरला तर? विचार भारी आहे, पण माठ दमतो. दहा लिटर पाण्यात १०० वॅट सोडले तर पाझरण्याने जाणारी उष्णता सोडून तासाला आठ-नऊ अंशांनी तापेल. आणि माठ दिवसाला पाझरतो किती, लिटर-दीड लिटर. रेंडर तासाभराचं असेल तर ठीक.

आणखी एक गोष्ट लोकांना पटत नाही. मिनिटाला दोन लिटर पाणी फिरत असेल तर ब्लॉकमध्ये शिरणारं आणि बाहेर पडणारं पाणी यात एक अंशाचाही फरक नसतो, १०० वॅटला साधारण ०.७ अंश. बाहेर येणारी नळी हाताला गरम लागत नाही म्हणून ब्लॉक काम करत नाही, असं नाही. मोजायचं तर प्रोसेसरचं तापमान मोजा. आणि सेन्सरवर डोळे झाकून विश्वास नको. मे २०२४ मध्ये नागपूरच्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले, देशभर बातमी झाली आणि मग हवामान खात्याने सांगितलं की सेन्सरच बिघडला होता.

शॉकचा मुद्दा, हा मात्र नीट वाचा

दर उन्हाळ्यात विदर्भात कूलरचा शॉक लागून माणसं जातात. लहान मुलं जातात. पेपरात दोन ओळींची बातमी येते. कारण बहुतेक वेळा सारखंच असतं: टाकीत बुडालेला २३० व्होल्टचा पंप, त्याचं कुजलेलं इन्सुलेशन, लोखंडी बॉडी आणि अर्थिंगचा पत्ता नाही.

आता विचार करा. त्याच टाकीत तुम्ही तांब्याचं वेटोळं टाकलंय, ते पाण्याच्या नळीने कॉम्प्युटरला जोडलंय, आणि कॉम्प्युटरला तुमचा हात लागलेला आहे. पंप लीक झाला तर टाकीचं पाणी, वेटोळं, आणि पुढे वाट मिळाली तर कॅबिनेटसुद्धा विजेच्या संपर्कात येऊ शकतं. म्हणून कूलरच्या पंपाचं पाणी थेट ब्लॉकमध्ये नको, हे ते तिसरं कारण. आणि वेटोळं वापरायचं असेल तरी कूलरच्या बॉडीला आणि वेटोळ्याला खरं अर्थिंग हवं. तीन पिनची प्लग आहे म्हणजे अर्थिंग आहे असं नसतं, सॉकेटमागे तिसरी तार जोडलेली आहे का हे वायरमनकडून तपासून घ्या. शिवाय त्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा. हा नेहमीच्या एमसीबीपेक्षा वेगळा. एमसीबी वायर वाचवतो, आरसीसीबी माणूस वाचवतो. हे दोन्ही नसेल तर वेटोळ्याचा नाद सोडून द्या आणि रेडिएटर-पंखा लावा. चार अंश जास्त चालतील.

ब्लॉकचा पंप मात्र कोणत्याही परिस्थितीत १२ व्होल्ट डीसीचाच घ्यायचा. रोबोटिक्सच्या प्रोजेक्टसाठी मिळतात तसले, पण पाणी तीन मीटर वर चढवणारा बघून.

गळती, गंज आणि ओलावा

सगळं जोडल्यावर कॉम्प्युटर बंद ठेवून फक्त पंप २४ तास वेगळ्या अडॅप्टरवर चालवायचा. प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर. रात्रभरात एक थेंब जरी दिसला तरी पुन्हा पहिल्यापासून. हे टाळून थेट चालू करणाऱ्यांचे मदरबोर्ड गेले आहेत. मोठ्या कंपन्यांनाही गळतीने सोडलेलं नाही. अॅपलने २००४ मध्ये पाण्यावर थंड होणारा पॉवर मॅक जी-५ आणला होता, त्यातल्या काही मशीनमध्ये पुढे गळती निघाली.

पाणी डिस्टिल्डच. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते चालतं. नळाचं किंवा आरओचं नाही. 'डिस्टिल्ड पाण्यातून वीज जात नाही, सांडलं तरी चालतं' असं कुणी सांगेल, त्यावर जाऊ नका. तांबं-पितळेतून चार दिवस फिरलं आणि बोर्डावरच्या धुळीत मिसळलं की ते डिस्टिल्ड राहत नाही.

तांब्याच्या ब्लॉकला अॅल्युमिनियमचा रेडिएटर जोडू नका. दोन वेगळे धातू एकाच पाण्यात आले की बॅटरीसारखा प्रकार सुरू होतो आणि अॅल्युमिनियम झिजत जातं. मोटारीचे नवे हीटर कोअर बहुतेक अॅल्युमिनियमचे येतात, म्हणून भंगारातून घेताना आडोशाला खरवडून बघा, आत पिवळं-लाल निघालं तर घ्या. एसीच्या जाळीत पात्या अॅल्युमिनियमच्या असतात, पण पाणी जाणारी नळी तांब्याची असेल तर हरकत नाही. गाडीचं कूलंट थोडं मिसळलं तर गंज आणि शेवाळ दोन्ही रोखलं जातं, मात्र ते विषारी आणि चवीला गोड असतं. घरात लहान मूल किंवा कुत्रं असेल तर विचार करून.

बर्फ टाकायचा मोह होतो. टाकू नका. मे महिन्यात बाहेरची हवा इतकी कोरडी असते की २५ अंशाच्या नळीवर दव धरत नाही. पण कूलर चालू असलेली बंद खोली वेगळी. तिथे ३२ अंश आणि ६० टक्के आर्द्रता असेल तर २३ अंशाखालच्या कुठल्याही वस्तूला घाम फुटतो. बर्फाचं पाणी फिरवलं की ब्लॉकच्या बाहेरून थेंब जमतात आणि सरळ प्रोसेसरच्या सॉकेटमध्ये उतरतात. गळती न होता पाणी आत.

एवढं सगळं करून मिळतं काय?

टाकीचं पाणी २६, वेटोळ्याचे ३, खाचांचे ११, तांबं आणि पेस्टचे मिळून ५-७. म्हणजे १०० वॅटवर प्रोसेसरचं झाकण ४५-४७ अंशांवर. पंख्याचा हिशेब होता ८२. खरं सांगायचं तर ही तुलना थोडी अन्यायाची आहे, कारण कूलर चालू असेल तर खोली ४२ वर नसते, ३२ वर असते, आणि मग पंखाही ७२ वर भागवतो. म्हणजे फायदा पंचवीस अंशांचा. झाकणाखालच्या चिपचं तापमान दोन्हीकडे याहून जास्तच असणार.

आणि एक तोटा, जो कुणी सांगत नाही. प्रोसेसरवरचा पंखा काढला की त्याच्या शेजारी वीजपुरवठा सांभाळणारे जे छोटे भाग असतात त्यांना मिळणारी हवाही बंद होते. प्रोसेसर गार, शेजारी भाजतोय. तिथे एक छोटा पंखा वेगळा लावावा लागतो.

तुमचा प्रोसेसर ६५ वॅटचा असेल तर आधी कॅबिनेट उघडा, ब्लोअरने धूळ काढा, वाळलेली पेस्ट काढून नवी मटाराएवढी लावा आणि कॅबिनेट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. निम्म्या लोकांचं काम इथेच होतं. पण इंटेलचा आय-९ १४९००के असेल, जो जोर लावला की २५३ वॅटपर्यंत जातो, तर तिथे हा घरगुती ब्लॉकही घामाघूम होईल. वरचे आकडे अडीचपट करून बघा. तिथे दुकानातला बारीक पात्यांचा ब्लॉकच घ्यावा. घरगुती ब्लॉकची खरी जागा या दोघांच्या मधली, शंभर-सव्वाशे वॅटची.

जूनच्या मध्यावर पाऊस आला की कूलर बंद होतो आणि टाकी रिकामी होते. तेव्हा वेटोळं काढून त्या जागी रेडिएटर जोडायचा, हवा तोवर २८-३० वर आलेली असते. त्याच दिवशी ब्लॉकही उघडून बघा. खाचांमध्ये हिरवट-पांढरं काही धरलं असेल तर चिंचेच्या कोळात अर्धा तास बुडवून जुन्या टूथब्रशने घासा, डिस्टिल्ड पाण्याने धुवा, ओ-रिंग चपटी झाली असेल तर नवीन टाका. आणि परत बसवल्यावर पुन्हा २४ तास, टिश्यू पेपरसकट.